गुरवाला काढलं

२९ जानेवारी

'ऑर्नवेल' या कॉम्प्युटर गेमच्या फोरमवरून मला हाकललं आहे, तेही दोन आठवड्यांसाठी. कारण म्हणे 'असभ्य भाषा'. मी एवढंच लिहिलं होतं की भाग दोनचा ट्रेलर ज्यांना आवडला त्यांनी डोळे तपासून घ्यावेत, आणि डोळे ठीक निघाले तर डोकं. यात असभ्य काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

दर्शना म्हणाली, "दादा, डायरी लिही. डायरीतनं तुला कोण काढणार नाय." दर्शना माझी धाकटी बहीण. रत्नागिरीला फार्मसी शिकते आणि औषधांबरोबर सल्लेही वाटते. पण हा सल्ला बरा वाटला. तर इथे मी मनातलं लिहिणार, कुणाची भीडभाड न ठेवता.

आईने काल विचारलं, "त्या गेमात असतं तरी काय?" मी सांगितलं, तू एक वाटसरू असतेस, हातात काठी, खिशात काही नाही, आणि ऑर्नवेल नावाच्या शहरात तुला आपलं नशीब काढायचं असतं. आई म्हणाली, "मंग ते बंदरात काढतोस तसंच ना?" मी जयगडच्या बंदरात ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतो. पुढे काही समजावण्यात अर्थ नव्हता.

खरं सांगायचं तर पहिल्या भागाचा जीव एका म्हाताऱ्यात आहे. शहराच्या दारात ओल्डरिक नावाचा द्वारपाल बसलेला असतो. तुम्ही बाहेर जाऊन जे काही केलंत ते सगळं त्याला ठाऊक. कुणाचं बदक चोरलंत, कुणाला खोटं बोललात, सगळं काढणार, टोमणे मारणार, मगच दार उघडणार. त्याचं बोलणं मध्येच तोडता येत नाही. उभं राहून ऐकायचं. लॉकडाऊनमध्ये बाबा खुर्ची ओढून माझ्या मागे बसायचे ते केवळ त्याच्यासाठी. इंग्रजी कळायचं नाही, मी सांगायचो. त्यांनी त्याचं नाव 'गुरव' ठेवलं, कारण देवळातल्या गुरवासारखा दारात बसून सगळ्या गावाची खबर ठेवतो म्हणून. लढाई सुरू झाली की उठून जायचे. शहर जवळ आलं की हाक मारायची, "बाबा, गुरव!" की आले.

ट्रेलरमध्ये गुरव कुठेच दिसला नाही.

१ फेब्रुवारी

मंडळाची मीटिंग झाली. नमन मंडळाचा सेक्रेटरी झाल्यापासून मला एक गोष्ट कळली आहे. आमच्या वाडीला शिमग्याला नमनाचा खेळ हवा असतो, पण तो चांगला व्हावा असं कुणालाच वाटत नाही. गण, गौळण, संकासूर, वग, सगळं आजोबांच्या काळापासून जसंच्या तसं. गुढीपाडव्यानंतर रत्नागिरीत नमन स्पर्धा आहे. तिथे वेळ ठरलेला असतो. मी स्पष्ट म्हटलं, यंदा शिमग्याला वाडीत जे करायचं तेच तिथे करायचं, आणि दोन्हीकडे आटोपशीर.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो संकासूर. काळा अंगरखा, तोंड झाकणारी उंच काळी टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. बाकी गावांचा संकासूर नाचतो आणि जातो. आमचा बोलतो. प्रेक्षकांत घुसतो, एकेका घरासमोर थांबतो आणि वर्षभराच्या कुरापती काढतो. कुणाच्या म्हशीने कुणाचे पावटे खाल्ले, कोण गाडी घेऊन बसलाय पण मागे घेता येत नाही. मुंबईहून जे आले त्यांचं नाव घेतो, जे आले नाहीत त्यांचंही घेतो. कितीतरी वर्षं हे काम बाबाच करतात. गेल्या वर्षी त्यांनी अख्ख्या वाडीला सांगितलं की सुजय कॉम्प्युटरवर इतका ओरडतो की आमचा कुत्रा शेजाऱ्यांकडे राहायला गेला. लोक पोट धरून हसले. अजून मला कंपनीच्या बसमध्ये कुत्र्याची खबर विचारतात.

म्हणून नाही, पण संकासूर छोटा करायचा असं मी सुचवलं. हर्षद करेल. हर्षद लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात आहे, अंगाने चपळ, उलट्या उड्या मारतो. आवाज रेकॉर्ड करून स्पीकरवर, बरोबर दिवे. अध्यक्ष अनिलदादा म्हणाले, "आणि नावं कोण घेणार?" मी म्हटलं, दादा, आजच्या प्रेक्षकाकडे एवढा वेळ नाही. रत्नागिरीच्या माणसाला आपल्या म्हशीचं काय? यावर सगळ्यांनी तंबाखू काढली. उत्तर नसलं की आमचे लोक तंबाखू मळतात.

बाबा मीटिंगला नव्हते. मोहरावर फवारणी चालू होती.

५ फेब्रुवारी

भाग दोनच्या दिग्दर्शकाची मुलाखत वाचली. हा नवा माणूस आहे. पहिला भाग आला तेव्हा हा बहुतेक शाळेत असेल. म्हणतो, "ओल्डरिकबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे, पण आजच्या खेळाडूकडे तेवढा वेळ नाही."

आदर! काढून टाकायचं आणि वर आदर दाखवायचा. ज्याने कधी त्या दारात उभं राहून शिव्या खाल्ल्या नाहीत तो सांगणार आम्हाला वेळ आहे की नाही. या जातीच्या माणसाला स्वतःचं काही सुचत नाही, म्हणून दुसऱ्याने उभं केलेलं कापत बसतो.

घरी येऊन बाबांना सांगितलं, गुरवाला काढलं.

"म्हंजे मेला?"

"नाही. मारलं असतं तर परवडलं असतं. नुसता काढला. भाग दोनमध्ये नाहीच."

"कोणी काढलान?"

"नवीन दिग्दर्शक आलाय."

बाबा "हं" म्हणाले. ते पडवीत बसून घुंगरांच्या पट्ट्याला तेल लावत होते. चामडं कोरडं पडलं की तडकतं, म्हणून शिमग्याआधी लावतात. पट्टा उलटा करत म्हणाले, "मंग दारात कोण बसणार?"

मी म्हटलं, कोणी तरी चकचकीत चिलखतवाला.

८ फेब्रुवारी

बाबांना संकासुराचं सांगून टाकलं. किती दिवस टाळणार? त्यांनी भांडायला हवं होतं, मी मुद्दे काढून ठेवले होते. वय झालंय, गुडघा दुखतो, स्पर्धेत परीक्षक बाहेरचे असतात. मुद्दे सांगायची वेळच आली नाही.

"हर्षद नाचतो चांगला," एवढंच म्हणाले. मग, "आणि नावं?"

"नावं नाहीत. त्याऐवजी एक थीम आहे. पर्यावरण."

"बरा," म्हणाले, आणि पट्टा जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकला. आईने मला जेवायला वाढलं, पण आमटी कडेला ठेवून गेली, वाटीत ओतली नाही. बायका कशावरून रागावतील सांगता येत नाही.

१२ फेब्रुवारी

आला. भाग दोन आला. सुट्टी घेतली, सकाळपासून डाउनलोडला लावला, दुपारी एकदाचा सुरू झाला.

काय सांगू. सगळं चमकतं. पहिल्या भागात वाट विचारावी लागायची, आणि अर्धे लोक खोटी सांगायचे. त्यातच मजा होती. आता जमिनीवर सोनेरी पट्टा उमटतो, त्याच्यावरून चालायचं, आंधळ्याला हात धरून नेतात तसं. पूर्वी लढाईत आपली पाळी आली की विचार करावा लागे. आता एक बटण दाबत राहा, माणूस आपोआप कोलांट्या मारतो. बोलणं नाही, नुसत्या उड्या. हे बनवणाऱ्यांना वाटतं समोर माकडं बसली आहेत.

आणि मग शहराचं दार. मी मुद्दाम थांबलो. वाटलं, मुलाखतीत काहीही बोलले असतील, गुरव असेल कुठेतरी आत. बाबांना हाक मारली. ते आलेही, खुर्ची घेऊन. दारात एक निळं चमकणारं चिलखत. त्यातून इंग्रजीत आवाज आला, मी बाबांना मराठीत सांगितलं: "तुझं नाव काय, वाटसरू?"

नाव टाइप केलं. दार उघडलं. बाहेर जाऊन आलो. पुन्हा: "तुझं नाव काय, वाटसरू?" एका माणसाला लुटलं, परत आलो. "तुझं नाव काय, वाटसरू?" एक गाव वाचवलं. तेच.

बाबांनी विचारलं, "ह्याला काय आठवतच नाय?"

"नाही."

"मंग दारात बसलाय कशाला?"

या एका प्रश्नाचं उत्तर त्या तीनशे लोकांच्या कंपनीत कुणाकडे नाही. बाबा खुर्ची उचलून गेले. मी संध्याकाळपर्यंत खेळलो आणि इतका ओरडलो की कुत्रा पुन्हा शेजारी गेला.

१५ फेब्रुवारी

व्हिडिओ टाकला. मराठीत, पडवीत बसून, एका दमात. 'ऑर्नवेल दोन: हे कुणासाठी बनवलं?' काय बोललो ते इथे उतरवून ठेवतो, कारण खरंच चांगलं झालं आहे:

"तो म्हातारा तुमच्यासाठी नुसता वेळखाऊ अडथळा होता. आमच्यासाठी तो एकटाच होता ज्याला आम्ही आठवत होतो. तो आमची लाज काढायचा, कारण त्याचं आमच्यावर लक्ष होतं. तुम्ही त्याला उठवून तिथे दिवे लावलेत. दिव्यांना माझं नाव ठाऊक नाही. ज्या दारात मला कुणी ओळखत नाही ते शहर माझं कसं?"

कॉमेंट्सचा पाऊस. अमेरिकेतल्या एका मराठी माणसाने लिहिलं की तो रडला. नाशिकच्या एका मुलीने लिहिलं, 'दादा, तू आमच्या मनातलं बोललास.' याला म्हणतात टीका.

दर्शनाने बाबांना फोनवर दाखवला. दोनदा बघितला म्हणे.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरगा बोलतो चांगला."

बाबांची दाद सहसा मिळत नाही. बरं वाटलं. दर्शना मात्र माझ्याकडे विचित्र नजरेने बघत उभी राहिली. "दादा, तू स्वतः बघितलास का तो व्हिडिओ?" मी म्हटलं, एडिट कुणी केलाय? ती आत निघून गेली.

२० फेब्रुवारी

तालीम. हर्षद उड्या झकास मारतो, पण डोक्याने अंमळ कमी. रेकॉर्डिंगला माझाच आवाज दिला आहे, खोल करून. हर्षद विचारतो, "सुजय, मी लोकांना काय बोलू?" अरे, काही बोलायचं नाही. निळा दिवा लागला की उडी, लाल लागला की फिरकी. "पण कुणी मला काय बोलला तर?" म्हटलं, तोपर्यंत तू आत गेलेला असशील.

राहीआजी रोज येऊन पायरीवर बसते. वरच्या घरात एकटी राहते, म्हणून येते. आज विचारते, "माज्या विठूचा नाव कधी घेनार?" विठू तिचा मुलगा. मुंबईला गेला तो गेलाच. मी शाळेत असल्यापासून आलेला नाही, फोन नाही, काही नाही. बाबा दरवर्षी तिच्यासमोर थांबून त्याची चेष्टा करायचे, की विठ्या पनवेलला गाडी बदलायला उतरला तो अजून गाडीची वाट बघतोय. म्हातारी पदर तोंडाला लावून हसायची. मी सांगितलं, आजी, यंदा तसं नाही, यंदा पर्यावरण आहे. "बरा," म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.

तालमीची क्लिप मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. अनिलदादांनी सगळ्यांसमोर लिहिलं: 'हा संकासूर आपला नाही. ज्याला हा आवडला त्याने रत्नागिरीला जाऊन डोळे दाखवावे.' मंडळाच्या अध्यक्षाला ही भाषा शोभते का? अशी माणसं वातावरण बिघडवतात. मी अॅडमिन आहे. त्यांना ग्रुपमधून काढलं.

५ मार्च

परवा होम झाला, काल सहाणेसमोर, पालखी बसते तिथे, नमन. मी प्रामाणिकपणे लिहितो: तांत्रिकदृष्ट्या उत्तम झालं. दिवे वेळेवर. आवाज खणखणीत. संकासूर धुरातून आला, सहा मिनिटांत आत. चाकरमान्यांनी सगळं मोबाईलवर घेतलं, शिट्ट्या वाजल्या. हर्षदच्या उलट्या उडीला वन्स मोअर मिळाला.

उडी दोनदा झाल्यावर मात्र लोक गप्प बसले. म्हणजे कशाची तरी वाट बघत असल्यासारखे. काहीजण सावरून, पाय पोटाशी घेऊन बसले होते, आता आपली पाळी येणार म्हणून तोंड लपवतात तसे. वग सुरू झाला तेव्हा एकाने विचारलं, "संकासूर परत येनार ना?" लोकांना चांगल्याची सवयच नाही, त्याला कोण काय करणार.

बाबा प्रेक्षकांत बसले होते, सगळ्यात मागे, हात मांडीवर. मी त्यांना प्रेक्षकांत बसलेलं पहिल्यांदाच बघितलं. मोठे दिसत नव्हते.

संपल्यावर खुर्च्या उचलत होतो तर राहीआजी जागेवरच. म्हटलं, आजी, झालं, चला सोडतो. म्हणाली, "विठूचा नाव नाय घेतलान." मी पुन्हा समजावलं. ती म्हणाली, "वर्साकाठी एकदा कोनीतरी मोठ्यानं नाव घेतो त्याचा. मी घेतला तर मलाच ऐकाय येतो."

म्हातारी माणसं भावनेने विचार करतात. स्पर्धेत असलं चालत नाही. तिला घरापर्यंत सोडलं. तिने आतून कडी लावेपर्यंत अंगणात उभा राहिलो.

७ मार्च

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

दुपारी बंदरातून लवकर आलो. घरात शिरतो तर माळ्याला शिडी लावलेली आणि बाबा पट्टा बांधत होते. काळा अंगरखा, टोपी, दाढी, सगळं. भर दुपारी, उन्हात, मृदुंग नाही, झांज नाही. मी विचारलं, कुठे? टोपी चढली की ते घरच्यांशी बोलत नाहीत, हा त्यांचा जुना नेम. आईने दार उघडून दिलं.

ते सरळ चढ चढून राहीआजीच्या अंगणातल्या खळ्यात गेले. मी कुंपणापाशी थांबलो. म्हातारी काजू वाळत घालत होती. घुंगरू वाजले तशी उठली आणि पदर सारखा केला, पाहुणा आल्यासारखा. संकासूर ओरडला, "राहीबाय! विठ्या कुठं हाय तुजा? पनवेलला अजून गाडीच बघताय का? त्याला सांग, गाडी कवाच गेली, आता चालत ये! आय काजू राखून बसलीय, काजूला कीड लागली, तरी हा आपला फलाटावर!"

ती हसली. हसता हसता खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावून बराच वेळ तशीच राहिली. संकासूर तिच्यासमोर उभा होता, घुंगरू न वाजवता.

मग शेजारच्या घरातून कुणीतरी हाक मारली, "ओ संकासूर, आमच्याकडं?" आणि बघता बघता सगळी वाडी दारात आली. अनिलदादा मृदुंग गळ्यात घालून आले. कारखान्यात निघालेला हर्षद वाटेतून परत फिरला आणि मागून झांज वाजवत चालला. परत जायला निघालेल्या चाकरमान्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं. म्हैस, पावटे, रिव्हर्स न जमणारी गाडी, सगळं निघालं. अनिलदादांना म्हणाले, "अध्यक्षाला वाडीतनं काढलान म्हणं, मंग मृदुंग कोनाचा वाजवतोस?" हर्षदला म्हणाले, "पोरा, उलटा उडतोस, सुलटा बोल की एकदा!" ज्याची पाळी यायची तो तोंड लपवायचा आणि पाळी झाली की छाती काढून फिरायचा. मोबाईल कुणी काढला नाही. मला ते सगळं दुरून बघवत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

शेवटचं घर आपलं. हे दरवर्षीचंच. मी पुढे धावत येऊन आमच्या खळ्यात उभा राहिलो. लिहायला लाज वाटते, पण मी तोंडावर हसू धरून उभा होतो. कुत्र्याचं पुन्हा काढतील. व्हिडिओचं काढतील. त्या सहा मिनिटांचं तर काढतीलच, आणि काढावंच, मी ऐकून घ्यायला तयार होतो. सगळी वाडी मागे गोळा झाली. दर्शना आणि आई पायरीवर.

संकासूर माझ्यासमोर आला. थांबला. टोपीच्या भोकांतून माझ्याकडे बघितलं.

"तुझं नाव काय, वाटसरू?"

लोकांना कळलं नाही, ते हसायची वाट बघत राहिले. दर्शनाने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं पुढे काहीतरी येईल. काही आलं नाही. ते वाट बघत होते.

"सुजय," मी म्हटलं.

"कोनाचा?"

"भागोजीचा."

"बरा," संकासूर म्हणाला. "जा आत." आणि वळून गेला. वर्षभरात मी केलेलं काहीच त्याला आठवलं नाही. सगळ्या वाडीत माझं एकट्याचं.

नंतर बाबा पडवीत बसून पट्टा सोडत होते. मी जवळ जाऊन बसलो. पट्ट्याचं दुसरं टोक धरलं. शेवटी म्हटलं, "बाबा, कुत्रा यंदाही गेला होता शेजारी."

त्यांनी दाढी काढून मांडीवर ठेवली. घाम पुसला.

"असंल," म्हणाले. "मला काय ठावं? मी भाग दोनमधला."